शपथ घालण्याआधी डॉक्टरांना विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतला घरचं कार्य आणि व्यसनी माणूस यावरचा लेख वाचला. लेखिकाबाईंची भाषा गोड आहे, तळमळही असेल. पण 'दोन दिवस आधीपासून थेंबही मिळू देऊ नका, प्रेमाने शपथ घाला' हे वाचलं आणि पेपर खाली ठेवला. कारण आम्ही नेमकं हेच केलं होतं.

आईबाबांच्या लग्नाचा पन्नासावा वाढदिवस होता. दादा तेव्हा सकाळी उठल्यापासून प्यायचा. आईने शपथ घातली, वहिनीने कपाटं धुंडाळून बाटल्या ओतून टाकल्या, मी त्याचं पाकीट काढून घेतलं. आणि त्याने शब्द पाळला, हीच तर गोम! रात्रभर तळमळत होता, घामाने अंगातला शर्ट दोनदा बदलला. कार्याच्या सकाळी हात इतके थरथरत होते की शर्टाची बटणं वहिनीने लावून दिली. आम्ही आपले खूश, बघा, मनावर घेतलं की जमतं! फोटोसाठी सगळे उभे राहिलो आणि हा माझ्या शेजारून तोंडावर आपटला. आकडी आली होती. तेवढ्यात फोटो निघाला होता. अजून आहे तो. त्यात आई हसतेय.

'शेवटची कधी घेतली होती?' डॉक्टरांनी विचारलं. परवा रात्री, मी जवळजवळ अभिमानाने सांगितलं. नंतर त्यांनी समजावलं ते असं: रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तोडली तर साधारण ६ ते ४८ तासांत आकडी येऊ शकते, पुढे दोन-तीन दिवसांनी भ्रम होतो, भलतंसलतं दिसायला लागतं, आणि उपचार झाले नाहीत तर माणूस दगावूही शकतो. सोडवायची ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली, औषधं देऊन. तुमच्या लेखात यातलं अक्षर नाही. पाहुण्यांपुढे विषय कसा टाळावा यावर मात्र दोन परिच्छेद! आमची अब्रू अगदी सुखरूप राहिली असती, दादाचं काय झालं असतं कोण जाणे.

आता तो गोळ्यांवर आहे. त्या चालू असताना दारू पोटात गेली तर चेहरा लालबुंद होतो, उलट्या होतात, छाती धडधडते. तरी 'आजच्या दिवस एक घोट घे रे' म्हणणारे काका प्रत्येक कार्यात असतातच. शपथ घालायचीच असेल तर त्यांना घाला. गेल्या कार्याला दादाने स्वतःच सांगितलं, 'तासभर येईन, जातो म्हटलं की कुणी अडवायचं नाही.' चाळीस मिनिटांनी उठला. कुणी अडवलं नाही. लेखात अशी एखादी गोष्ट चालली असती.

आणि लेखाच्या डोक्यावर तो चार कॉलमी फेसाळता ग्लास कुणाच्या सुपीक डोक्यातून निघाला? ज्या घरांसाठी लेख लिहिला, त्याच घरांत पुरवणी जाते ना? दादाने ते पान काही न बोलता उलटं करून ठेवलं.

आपली,
एक जुनी वाचक
(कृपया नाव छापू नये)

ता. क. शब्दकोड्याचं उत्तर सलग तिसऱ्या आठवड्यात छापलेलं नाही. कोडं दादा सोडवतो. सकाळच्या वेळी त्याला हातात काहीतरी लागतं.