गिरणीवाल्या काकूंना, मजुरी धरायला शिकवल्याबद्दल

ती. काकूंना,
सा. न. वि. वि.

हे पत्र सगळ्यांना वाचता यावं म्हणून उघड लिहितेय. नाशिकच्या सिडकोतल्या तुमच्या गिरणीत मी जे शिकले, ते घरून पीठ, मसाले, पापड विकणाऱ्या कितीतरी बायकांच्या कामाचं आहे.

दहावीच्या सुट्टीत आईने मला तुमच्याकडे दळणं पोचवायला लावलं. सायकलला डबे अडकवून मी त्रिमूर्ती चौकापासून पवननगरपर्यंत फिरायचे. भारनियमनाचे दिवस होते. थ्री फेज गेली की गिरणी बंद आणि डब्यांची रांग ओट्याखाली. लाइट आली की तुमचा क्रम ठरलेला: आधी तांदूळ, मग गहू, ज्वारी, बाजरी, शेवटी नागली (म्हणजे नाचणी) आणि डाळी. बाजरीवर तांदूळ टाकला तर पीठ काळपट येतं, म्हणून कुणी कितीही घाई केली तरी तुम्ही क्रम मोडला नाहीत. अंबडच्या कारखान्यांत दुसऱ्या पाळीला जाणाऱ्यांचे डबे तेवढे त्यांच्या निघायच्या वेळेआधी तयार असायचे.

पण खरं शिक्षण शनिवारी संध्याकाळी व्हायचं. गल्ला मोजताना तुम्ही मला शेजारी बसवायचात. लाइट बिलाचे पैसे एका डब्यात. पट्टा, बेअरिंग आणि दगडाला टाकी लावणाऱ्या कारागिराचे दुसऱ्यात. मग माझी मजुरी, आणि मग तुमची. गिरणी तुमची, जागा तुमची, तरी वहीत स्वतःच्या नावापुढे आकडा लिहिल्याशिवाय तुम्ही एक रुपया घरात नेला नाहीत. काका विचारायचे, "आपलेच पैसे, लिहायचे कशाला?" तुम्ही म्हणायचात, "उद्या मी आजारी पडले आणि गिरणीवर माणूस ठेवावा लागला, तर त्याला द्यायला पैसे निघतात का, ते आजच कळलं पाहिजे."

पुढच्या उन्हाळ्यात पेठ-सुरगाण्याकडची नागली पापडांसाठी घरोघरी आली. बाळांच्या आया तयार पीठ मिळेल का विचारत होत्या. मी नागली निवडून, धुऊन, वाळवून पिठाच्या पुड्या करायचं ठरवलं. तुम्ही गिरणी दिलीत, पण दळणावळ पूर्ण घेतलीत. काकू, त्याबद्दल तुमचे विशेष आभार. फुकट दळून दिलं असतं, तर माझ्या पिठाला काय खर्च येतो हे मला कळलंच नसतं. नागलीचा भाव, निवडण्या-दळण्यातली घट, दळणावळ, पिशवी असा हिशेब तुम्ही माझ्याकडून लिहून घेतलात आणि विचारलंत, "निवडत बसशील त्या तासांचं काय?" तो आकडा धरल्यावर पुडी महाग झाली. मला वाटलं, कोण घेणार? तुम्ही म्हणालात, "मजुरी सुटत नसेल तर नागली सोड, दुसरं काही विकू." पुड्या त्याच भावाने गेल्या.

आज माझं भाजणी आणि नागलीच्या पिठाचं छोटं युनिट आहे. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजनेत प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपये अनुदान ठेवलं होतं. तिचा प्रकल्प अहवाल करताना मजुरीचा रकाना मी लगेच भरला. आता बचत गटांतल्या मैत्रिणींना अहवाल करायला मदत करते, तेव्हा नेमका तोच रकाना रिकामा असतो. "घरचंच काम आहे ना," असं म्हणतात. मला हे फार लागतं. बाईचे तास शून्य रुपयांचे धरले की धंदा वहीत नफ्यात दिसतो. मग तिला बाळंतपणाला किंवा आजारपणात थांबावं लागलं, की बदली माणूस परवडत नाही आणि चांगला चाललेला धंदा बंद होतो.

२०२३ हे संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्य वर्ष म्हणून जाहीर केलं, तेव्हा व्यापारी दारात आले. माल भरपूर घेऊ, भाव पाडून द्या, म्हणाले. माझ्याजवळ माझा आकडा होता, म्हणून शांतपणे नाही म्हणता आलं.

गिरणी आता तुमच्या सूनबाई बघतात, असं आईकडून कळलं. दिवाळीच्या आधी चकलीच्या भाजणीचं काम वाढतं आणि माझी चक्की कमी पडते. या वर्षीची जादा पोती तुमच्याकडे पाठवते आहे. दळणावळ चालू भावाने लावायला सांगा. तुम्ही शेजारी बसून देखरेख कराल, त्या वेळेचे पैसेही बिलात धरा.

तुमच्या गल्लीतली मुलगी