येळवसला मैत्रिणींना घेऊन येतेस, त्याआधी

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

येळवसला, आपल्या शेतातल्या वेळ अमावास्येच्या सणाला, पुण्याच्या मैत्रिणींना घेऊन येतेस हे वाचून घरात सगळ्यांना आनंद झाला. ज्वारी-ताकाची आंबील आणि भज्जी, म्हणजे ओल्या दाण्यांची मिसळ भाजी, या वेळी तूच करणार म्हणतेस, म्हणून बारकावे लिहून पाठवते. येळवस ज्या दिवशी असते ती मार्गशीर्ष अमावास्या डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत कधीही येते, तेव्हा तिकिटं काढायच्या आधी पंचांग बघ. आणि आदल्या दिवशी नको, दोन दिवस आधी ये. आंबिलीला तेवढा वेळ लागतो.

दहा माणसांना ज्वारीचं पीठ दोन वाट्या पुरे. आमावास्येच्या दोन दिवस आधी, रात्री ते आंबट ताकात पातळसर कालवून झाकून ठेव. उन्हाळ्यात पीठ रातोरात आंबतं, थंडीत मात्र पूर्ण दिवस लागतो; चुलीच्या उबेला ठेवलंस तर बरं. भांडं मातीचं नाहीतर स्टीलचं घे, कल्हई गेलेल्या पितळी पातेल्यात आंबट पदार्थ कळकतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आठ वाट्या पाणी उकळून त्यात हे कालवण बारीक धारेनं सोड आणि हात थांबवू नकोस. कोरडं पीठ उकळत्या पाण्यात टाकलं की गुठळ्या होतात, त्या नंतर कशानंही मोडत नाहीत. पंधरा मिनिटं मंद आचेवर शिजव. पुढचं ताक, साधारण दीड लिटर, आंबील पूर्ण गार झाल्यावरच घालायचं. गरम असताना घातलं तर फाटतं, चोथा खाली आणि पाणी वर. शेवटी वाटलेला लसूण, जिरं, थोडा ओवा, मीठ. बिंदगी, म्हणजे आंबील शेतावर न्यायचा घडा, काठोकाठ भरू नकोस. आंबील रात्रभर फुगते, शिवाय सकाळी वाटेनं हिंदकळते.

भज्जीचं तत्त्व एकच: त्या आठवड्यात रानात जे उभं आहे ते हंड्यात. फ्लॉवर आणि बटाटा घालायची नवी पद्धत मला मुळीच पटत नाही. तुरीचे, वाटाण्याचे, पावट्याचे आणि हरभऱ्याचे ओले दाणे प्रत्येकी दोन वाट्या, वाटीभर भिजवलेले शेंगदाणे, दोन-तीन वांगी, गाजर, मेथीची जुडी, कांद्याची पात. शेंगा सोलायला आदल्या दुपारी सगळ्या मुलींना बसव, एकटीनं करायचं काम नव्हे ते. आधी दाणे दोन लिटर पाण्यात मऊ शिजव, तुरीचा दाणा बोटांत चिरडला पाहिजे. मग वांगी, गाजर, पालेभाजी. त्यानंतरच चिंचेचा कोळ. आंबट आधी पडलं की दाणे तासभर शिजवले तरी कडकच राहतात. दरवर्षी कुणाच्या ना कुणाच्या शेतात हे होतंच. दीड वाटी बेसन गार पाण्यात कालवून ओत, आच कमी कर आणि तळापासून ढवळ, बेसन पटकन लागतं. उतरवताना पातळ वाटली तर वाटू दे, निवताना घट्ट होते. वरून लसूण आणि हिरव्या मिरचीची सढळ फोडणी.

बाजरीच्या उंड्यांचं (वाफवलेल्या गोळ्यांचं) पीठ कडकडीत पाण्यानंच मळ. बाजरीला चिकटपणा नसतो, गार पाण्यात मळलं तर वाफवताना उंडे भेगाळतात. तीळ, मीठ घालून वाफेवर वीस-पंचवीस मिनिटं. खीर आजी करणार आहे, तिथे तू हात घालू नकोस.

शेतावर सकाळी दहाच्या आत पोहोचा. कडब्याच्या पेंढ्या वर एकत्र बांधून, खाली पसरून कोप, म्हणजे खोपटी, उभी करतात; आत पाच दगड चुना आणि काव (तांबडी माती) लावून पांडव म्हणून मांडायचे. पूजा आणि नैवेद्य झाला की ‘ओलगे ओलगे सालम पोलगे’ म्हणत पिकावर आंबील शिंपत शेताला फेरी. हे शब्द गावागणिक थोडे बदलतात, मुलींना आपल्याकडचेच शिकव. आणि फेरी बांधावरूनच घालायची. हरभरा फुलात असेल तर त्यातून चालल्यानं फुलं झडतात, शिवाय सकाळच्या दवात पाल्यावरची आंब (आंबट ओल) कपड्यांना आणि कातडीला लागून चुणचुणते.

दुपारी ढाळा, म्हणजे घाट्यांसकट हरभऱ्याची झाडं, उपटून जाळावर भाजून हुळा करा, पण काका दाखवतील त्याच ओळीतला. घाटे भरले पण अजून हिरवे आहेत असा ढाळा घे. तुराट्यांचा (तुरीच्या वाळल्या काड्यांचा) झटपट जाळ करायचा, वर ढाळा, दोन-तीन मिनिटं, पाला जळून घाटे काळवंडले की बाजूला ओढायचा. जाड लाकडाच्या निखाऱ्यावर दाणा सुकून जातो. जागा बांधाजवळची मोकळी घ्या, वाळलेल्या कडब्यापासून लांब, आणि पाण्याची घागर जवळ असू द्या. संध्याकाळी कोपीजवळ दूध उतू घालतात. कोणत्या दिशेला उतू जातं त्यावरून जुनी माणसं पावसाचा अंदाज करतात. तेवढं बघूनच परत निघा.

त्या दिवशी लातुरात आणि धाराशिवात दुकानं बंद आणि रस्ते ओस असतात, सगळं गाव रानात असतं. म्हणून मैत्रिणींची औषधं आणि लागणारं सामान आदल्या दिवशीच घेऊन ठेवा. कपडे जुने, पूर्ण बाह्यांचे. पायात बूट, काळ्या रानाच्या भेगांत चपला अडकतात. सकाळी स्वेटर लागेल, दुपारी टोपी. बांधावरून जाणाऱ्या कुणालाही जेवायला बोलावतात आणि नको म्हटलेलं आवडत नाही, हेही त्यांना आधी सांग. प्रत्येक शेतात थोडं थोडंच खा म्हणावं, दुपारपर्यंत तीन-चार शेतांत पंगतीला बसावं लागेल.

किती जणी येता ते आठवडाभर आधी कळव, बिंदगी त्या मापाची काढून धुऊन ठेवते.

तुझी,
आई