३१ तारखेला आमच्या दारातला दिवा चालूच राहील

प्रिय आई-बाबा,
प्रभूच्या नावात सलाम.

रविवारी नातवानं फोनवर ओरडून सांगितलं की हॅलोविनला तो आग विझवणारा जवान होणार, आणि बाबा एकदम म्हणाले, "बरं, आईला दे फोन." मग आईनं हळूच विचारलं, "अगं, तो भुताखेतांचा सण ना?" तेव्हा पोळी तव्यावर होती, बोलणं अर्धवट राहिलं. म्हणून हे पत्र.

आधी आमचं काय ठरलंय ते सांगते. दारात कवट्या, सांगाडे, रक्तानं माखलेले खोटे हात लागणार नाहीत. प्लँचेटसारखे खेळ गंमत म्हणूनसुद्धा घरात नकोत, हे बाबांचं म्हणणं मला अजूनही शंभर टक्के पटतं. पण त्या संध्याकाळी दारातला दिवा लावणार आणि चॉकलेटांचं टोपलं घेऊन दाराशी बसणार. इथे अमेरिकेत रीत अशी की दिवा चालू असेल त्याच घरी सोंगं घेतलेली मुलं खाऊ मागायला येतात. बंद दिसला की पुढे जातात.

इथल्या बऱ्याच मंडळ्या, म्हणजे चर्चमधले लोक, त्या दिवशी चर्चच्या पार्किंगमध्ये गाड्यांच्या डिक्क्या सजवतात आणि मुलांना तिथेच खाऊ वाटतात. कुणी नोहाचं तारू करतं, कुणी योनाचा मासा. लहान मुलांना रस्ते ओलांडावे लागत नाहीत, तेवढी सोय होते. तरी मला ते खटकतं. मिशिगनमध्ये फोन केल्याशिवाय कुणी कुणाच्या घरी जात नाही. सबंध वर्षात या एकाच संध्याकाळी अख्खी गल्ली आपणहून आमच्या पायऱ्या चढते. थंडी इतकी की पऱ्यांच्या पंखांवरून जाकिटं चढवलेली असतात, आईबाप मागे कॉफीचे पेले धरून कुडकुडत उभे. कोपऱ्यावरच्या बाईंचे यजमान वारल्याचं मला गेल्या वर्षी असंच पायरीवर कळलं, तेही चार महिन्यांनी. अशा वेळी नेमकं ख्रिस्ती माणसानंच दिवा मालवून पार्किंग गाठायचं?

बाबा, तुम्हांला ३१ ऑक्टोबर म्हटलं की १५१७ सालचा, प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणारा मार्टिन ल्यूथर आठवतो. त्यानं ते ९५ मुद्दे मांडले ते सर्व संतांच्या सणाच्या आदल्या दिवशी. पोप चौथा ग्रेगरी याच्या काळात, नवव्या शतकात, १ नोव्हेंबरचा तो सण पश्चिमेकडच्या मंडळीत सगळीकडे रुजला. हॅलोविन म्हणजे त्याचीच आदली संध्याकाळ. आयर्लंडच्या जुन्या लोकांचा सुगी संपल्याचा सण त्याच सुमाराला असे, त्यातलं किती याच्यात मिसळलं यावर विद्वानांचं अजून भांडण चालू आहे. ते चालू दे.

मला जास्त गंमत वाटते ती आपल्या कडकपणाची. नगरला १८३१ मध्ये आलेले मिशनरी ज्या अमेरिकन मिशन बोर्डाचे, तो मॅसॅच्युसेट्समधल्या काँग्रिगेशनल पंथाच्या मंडळींनी १८१० मध्ये काढला. त्यांचे पूर्वज प्युरिटन, म्हणजे फार कडक इंग्रज प्रोटेस्टंट. आणि त्या प्युरिटनांनी १६५९ मध्ये कायदा केला होता की नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड! शास्त्रात सांगितलेला नाही म्हणून. तो कायदा १६८१ पर्यंत होता. आईच्या करंज्या तिथे पकडल्या गेल्या असत्या. सणांच्या बाबतीत मंडळी आपलं मत बदलत आलीच आहे. आपल्याकडेही रेव्हरंड ना. वा. टिळकांनी अभंग-ओव्यांतून येशूला गायलं, ते तुम्ही दर रविवारी टाळ्या वाजवून म्हणता.

शिवाय हे मी शिकले कुठे? शेजारच्या काकूंचं दिवाळीचं ताट आई हसत घ्यायची आणि नाताळात तेच ताट भरून परत जायचं. प्रसाद म्हणून काही आलं तर बाबा नम्रपणे "हे आम्हांला चालत नाही" म्हणायचे, आणि काकूंना त्याचा कधी राग आला नाही. बायबलात प्रेषित पौलानं करिंथच्या मंडळीला मूर्तीपुढच्या नैवेद्याबद्दल लिहिलं तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे असेच शेजारी असणार. काय घ्यायचं, काय नाही, हे आमच्या घरात दरवर्षी जेवणाच्या टेबलावर ठरत होतं. मी फक्त टेबल बदललंय.

भोपळा मात्र आम्ही कोरणार. आतले ओले धागे हातानं ओढून काढताना नातू "ईऽऽ" करतो आणि पुन्हा हात घालतो. बिया मीठ-तिखट लावून भाजतो. आई, या भोपळ्याचे घारगे करू नयेत, नुसता पाणचट असतो. त्यासाठी छोटा, गोड पाई करायचा भोपळा वेगळा आणावा लागतो. घारग्यांना गूळ किती घालतेस ते लिही, माझे तेलात फुटतात.

आणि एक काम. आमच्या मेथडिस्ट चर्चमध्ये नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी वर्षभरात गेलेल्यांची नावं वाचतात, प्रत्येक नावाला एकदा घंटा वाजवतात. मेलेल्यांसाठी प्रार्थना नव्हे, बाबा, नुसतं स्मरण आणि देवाचे आभार. आजीचं नाव द्यायचं म्हणतेय. बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर तिचं नाव कसं लिहिलंय, माहेरचं आडनाव घालायचं की नको, ते या आठवड्यात कळवा. यादी पुढच्या बुधवारी छापायला जाते.

तुमची,
मोठी