धवला दगडावर कोरा

नवी मुंबईत फ्लेमिंगोंची शिल्पे ठिकठिकाणी दिसतात. पाहुण्या पक्ष्यांचे कौतुक जरूर व्हावे. पण ज्या 95 गावांच्या जमिनींवर हे शहर आखले गेले, तिथल्या आगरी-कोळ्यांचे काव्य चौकात कुठे दिसते? त्यांच्या लग्नात धवलारीण (ही गाणी गाणारी बाई) धवले, म्हणजे लग्नविधीची गाणी, गाते. पूर्वी लग्न लावण्याचा मानही तिचाच. ही गाणी तोंडीच चालत आली. जाणत्या धवलारणींनी निवडलेला एखादा धवला त्यांच्याच बोलीत काळ्या दगडावर कोरून बेलापूरच्या खाडीकाठी शिल्प उभारावे. लोखंड नको, खारी हवा ते खाते. अक्षरे आजीलाही चष्म्याविना वाचता यावीत. नेत्यांच्या नावांची पाटी लागणारच. ती मागच्या बाजूला लावा!

- एक वाचक, नेरुळ