डिंगीला डिंगीच म्हणा

संपादक महोदय,

पावसाळ्यात आपल्या पानांवर एक लहानशी होडी दर आठवड्याला वेगळे नाव घेऊन येते. कुर्ल्याच्या क्रांतीनगरात मिठीचे पाणी शिरले की ती ‘रबरी बोट’ होते, दुसऱ्या दिवशी ‘डिंघी’, परदेशाच्या पानावर ‘छोटी नौका’. घाईच्या वेळी नुसती ‘बोट’. गेटवेहून घारापुरीला जाणारी लाँच बोट आणि ससून डॉकचा ट्रॉलरही बोटच! होडी, मचवा, पडाव, गलबत, फत्तेमारी अशी प्रत्येकीला स्वतंत्र नावे देणाऱ्या किनाऱ्यावर ही सरमिसळ खटकते.

शब्द इथलाच आहे. बंगाली-हिंदीतल्या डिंगीला इंग्रज खलाशांनी उचलले आणि जहाजाबरोबरच्या सर्वांत लहान होडीला ते नाव दिले. इंग्रजी स्पेलिंगमध्ये एच घातला तो ‘ग’चा उच्चार ‘ज’ होऊ नये म्हणून. एच काढला तर उरतो ‘डिंजी’, म्हणजे मळकट. मराठीत ‘डिंघी’ लिहायला काहीच आधार नाही.

डिंगी म्हणजे साधारण दोन ते पाच मीटर लांबीची, वर डेक नसलेली उघडी होडी. वल्ही, शीड किंवा मागच्या फळीला अडकवलेले आउटबोर्ड इंजिन, यांपैकी कशावरही चालते. तिचे मूळ काम पोहोचवण्याचे: नांगरून ठेवलेल्या मोठ्या बोटीवर माणसे आणि सामान नेणे. ट्रॉलरचा तळ खोल असतो, तो उथळ किनाऱ्याला आणला तर रुतेल. डिंगीला फूटभर पाणी पुरते. नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्याबद्दल ‘अतिरेकी कुबेर बोटीने बधवार पार्कला उतरले’ असे आजही छापले जाते. कुबेर हा मासेमारीचा ट्रॉलर होता आणि तो समुद्रातच सोडून दिला होता. दहा जण किनाऱ्याला लागले ते हवा भरलेल्या डिंगीतून. किनाऱ्यावरच्या पहाऱ्याची चर्चा करताना हा फरक गाळून चालत नाही.

पुराच्या बातम्यांतली डिंगी हवा भरलेली असते. ‘रबरी’ हा शब्द रुळला आहे, पण कापडावरचा लेप बहुधा पीव्हीसी या प्लॅस्टिकचा किंवा हायपॅलॉन या कृत्रिम रबराचा असतो. पंक्चर काढताना हे आधी पाहावे लागते, कारण एकाचे चिकटद्रव्य दुसऱ्याला धरत नाही. जागा घासून, पुसून, पूर्ण कोरडी करायची, चिकटद्रव्याचे दोन पातळ हात द्यायचे, ठिगळ दाबून बसवायचे आणि दिवसभर हवा भरायची नाही. घाईत ओलसर कापडावर लावलेले ठिगळ पाण्यात सुटते.

कडेच्या नळ्या आतून पडद्यांनी विभागलेल्या असतात. तीन ते पाच कप्पे आणि प्रत्येकाला वेगळा व्हॉल्व्ह. एक कप्पा फाटला तरी बाकीच्यांवर डिंगी तरंगते, म्हणून ‘बोट फुटली’ या मथळ्याखाली नेमके काय फुटले ते यायला हवे. दाब जेमतेम तीन पीएसआय लागतो, मोटारीच्या टायरच्या दहाव्या हिश्शाएवढा. पेट्रोल पंपावरची हवा भरली की आतला पडदा फाटू शकतो, आणि बाहेरून काही कळतही नाही. सगळे कप्पे आधी अर्धे भरायचे, मग फेरी घेत पूर्ण करायचे. एकच कप्पा ताठ केला तर पडद्यावर एका बाजूने ताण येतो. उन्हात ठेवलेल्या डिंगीतली थोडी हवा सोडायची. पाण्यात उतरल्यावर ती गार होऊन सैल पडते, तेव्हा पुन्हा भरायची.

मुंबईच्या पुरात धोका लाटांचा नसतो, पाण्याखालच्या तारेचा, सळईचा, फुटक्या काचेचा असतो. दुसरा धोका प्लॅस्टिकच्या पिशव्यांचा. पिशवी इंजिनाच्या पाणी खेचणाऱ्या जाळीवर बसली की थंड करणारे पाणी थांबते. इंजिनाच्या मागून पडणारी बारीक धार बंद झाली तर लगेच इंजिन बंद करून जाळी मोकळी करायची; चालवत राहिल्यास ते मिनिटांतच तापून अडकते. गल्लीत म्हणूनच वल्ही आणि बांबू जास्त उपयोगी पडतात. इंजिन वापरायचेच तर चालवणाऱ्याने बंद-दोरी मनगटाला किंवा पायाला बांधलेली असावी. तो पाण्यात पडला की इंजिन आपोआप थांबते, नाहीतर रिकामी डिंगी गोल फिरून त्याच्याच अंगावर येते.

चढणाऱ्याने काठावर पाय न देता वाकून मधोमध पाय ठेवावा आणि लगेच खाली बसावे. उलटण्याचे नेहमीचे कारण सगळ्यांनी एकाच कडेला धावणे हे आहे, फोटो काढण्यासाठीसुद्धा.

शिडाची डिंगी हा आणखी वेगळा प्रकार. कुलाब्याच्या बाजूला मुले शिकतात ती बहुधा ऑप्टिमिस्ट: २.३ मीटर लांब, चपट्या नाकाची, एका शिडाची, पंधरा वर्षांपर्यंतच्या एकाच मुलासाठी. तिच्या तळाला शिशाचे वजन नसते, समतोल बसणाऱ्याच्या अंगाने राखायचा. वाऱ्याच्या जोराच्या झोतात ती उलटते आणि उलटावी असेच धरलेले असते. मुलाने शिडाची दोरी सोडायची, पोहत तळाच्या बाजूला जायचे आणि बाहेर आलेल्या मधल्या फळीवर वजन द्यायचे. शीड वर आले की आत चढून पाणी उपसायचे. तरंगण्यासाठी आत हवेच्या पिशव्या बांधलेल्या असतात. शिकवणारा पहिल्याच आठवड्यात ती मुद्दाम उलटवून घेतो. त्यामुळे ‘शर्यतीत बोट उलटली, मुलगा थोडक्यात बचावला’ ही बातमी नव्हे. लाइफ जॅकेट घातले नव्हते किंवा पिशवी सुटली होती, तर ती बातमी.

इंग्लिश खाडी ओलांडणाऱ्या स्थलांतरितांच्या ‘छोट्या नौका’ म्हणजे बहुतेक वेळा क्षमतेच्या कितीतरी पट माणसे भरलेल्या हवेच्या डिंग्या. वाचकाच्या डोळ्यांसमोर लाकडी होडी येते आणि जीव का गेले ते कळत नाही. लाइफराफ्टलाही डिंगी म्हणू नये. तिला छत असते, गॅसच्या नळकांड्याने ती आपोआप फुगते आणि स्वतःहून कुठे जात नाही, वाट पाहत तरंगते.

बातमीदाराने घटनास्थळी चारच गोष्टी विचाराव्यात: हवेची की फायबरची, इंजिन होते का, किती जणांसाठी होती, किती जण बसले होते. उपसंपादकाला योग्य शब्द आपोआप सापडेल.

— शिडाच्या होड्या शिकवणारे काही प्रशिक्षक, कुलाबा, मुंबई