फाईल डॉक्टरपाशी, मग पुरावा आणायचा कुठून?

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

निदानाला उशीर झाला आन पेशंट गेला की आपल्याकडं लोक दोनच गोष्टी बोलतात, एक तर डॉक्टरला बडवा नायतर जाऊ द्या नशिबात होतं. मला कागदाचं बोलायचंय.

आमच्या आबांना दिवाळीच्या आधीपासून खोकला. बिडी होतीच, म्हणून घरात कुणी मनावर घेतलं नाही, ती आमचीपण चूक. मग तालुक्याच्या एका डॉक्टरनं एक्सरे काढला, खिडकीच्या उजेडात धरला, वरच्या बाजूला डाग दिसला, म्हणले टीबी आणि त्याच दिवशी एकेटी, म्हणजे टीबीच्या गोळ्या, चालू. थुंकी तपासली नाही, सरकारी दवाखान्यात सीबीनॅट, म्हणजे टीबी आहे का नाही ते सांगणारी मशीनवरची तपासणी, फुकट होतं तिकडंही पाठवलं नाही. दुसऱ्या दिवशी आबांची लघवी केशरी झाली, ते घाबरले तर म्हणले गोळी लागू झाली बघा. ती लघवी त्या गोळीनं कुणाचीही तशी होते, टीबी असो नसो, हे मला लई उशिरा कळलं. ५४ किलोचे आबा पाच महिन्यांत ४३ वर आले आन आम्ही दर महिन्याला जाऊन तेच ऐकायलोत, कोर्स पूर्ण करा. शेवटी बार्शीला नेलं, सीटी काढला, सुई टाकून तुकडा तपासला. कॅन्सर, चौथी स्टेज. आषाढीच्या आधी गेले.

वकिलाकडं गेलो तर पहिला प्रश्न, कागद दाखवा. आईनं कॅरीबॅग उपडी केली, त्यात मेडिकलच्या चार पावत्या, पहिला एक्सरे आणि पाठकोऱ्या चिठ्ठ्या. प्रत्येक चिठ्ठीवर तारीख आणि खाली इंग्रजीत तीन अक्षरं, सीएसटी, म्हणजे तेच औषध चालू ठेवा. बाकी सगळं डॉक्टरच्या फाईलीत. चुकीचं ऑपरेशन झालं असतं तर टाके तरी दाखवता आले असते, इथं चूक म्हणजे जी तपासणी केलीच नाही ती, तिचा रिपोर्ट कुठून आणायचा? वकील म्हणले समोरचा एवढंच विचारणार, लवकर कळलं असतं तर म्हातारा वाचला असता का. प्रश्न खोटा नाही, पण त्याचं उत्तर मधल्या दोन एक्सऱ्यांत आहे, डाग कधी किती वाढला ते, आणि ते दोन्ही एक्सरे त्यांच्याच कपाटात.

डॉक्टर लोकांवर उगं राग नाही. २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालात सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की नुसता अंदाज चुकला म्हणून निष्काळजीपणा होत नाही, ते मला पटतं. पण २०१० ला व्ही. किशन रावच्या केसमध्ये त्याच कोर्टानं असंही म्हणलंय की प्रत्येक केसमध्ये तज्ज्ञ डॉक्टरची साक्ष आणलीच पाहिजे असं नाही, तिथं मलेरियाच्या बाईला टायफॉइडचं औषध दिलं होतं. आमच्यासारख्यांना हे मोठं आहे, कारण आपल्या भागात एक डॉक्टर दुसऱ्याच्या विरोधात लिहून देत नसतो.

पैसे घेऊन उपचार केले तर ग्राहक कायदा लागू होतो, हे १९९५ पासून ठरलेलंय. जिथं सगळ्यांनाच फुकट उपचार मिळतात त्या दवाखान्याला तो लागत नाही, म्हणजे सगळ्यात गरीब माणूस तिथंच बाहेर पडतो. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते, डॉक्टरला दिलेली रक्कम ५ लाखांच्या आत असेल तर फी नाही, मुदत २ वर्षं. आणि मागितल्यावर ७२ तासांत पेशंटचे रेकॉर्ड द्यायचे असा डॉक्टरांचाच २००२ चा नियम आहे. सांभाळून ठेवायचे मात्र भरती पेशंटचे ३ वर्षं, म्हणजे आबांसारख्या ओपीडीवाल्याची फाईल कधी रद्दीत जाईल सांगता येत नाही. हे बारावी शिकलेल्या मला वकिलाच्या बाकड्यावर कळलं, आमच्या गावात विचारा, एकाला माहीत असेल तर शपथ.

म्हणून विनंती, तुमच्या आरोग्याच्या पानावर वजन कमी करायच्या काढ्याच्या जागी एखाद्या आठवड्याला रेकॉर्ड मागायचा अर्ज कसा लिहायचा तो नमुना छापा. मी तोंडी मागितले तर कंपाउंडर म्हणला साहेब नाहीत, मग रजिस्टर पोस्टानं अर्ज पाठवला. पोचपावती आलीय, खाली त्याच कंपाउंडरची सही. आज पंधरावा दिवस, फाईल नाही.

आपला एक वाचक,
ता. केज, जि. बीड