जुन्या सायकलीचा भाव रंगावरून ठरवू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुन्या इंग्लिश सायकली झकपक करून विकण्याचा धंदा सध्या मुंबईत जोरात आहे. एकेका रॅलेला किंवा बीएसएला पाच आकडी किंमत सांगितली जाते. नवी काळी दांड्याची सायकल दहा हजारांच्या आत मिळते, मग एवढे पैसे कशाला, असं काही जण विचारतात. असं लोखंड आता होत नाही, असं उत्तर मिळतं. माझ्या मते दोघंही रंग बघून भांडतायत. किंमत योग्य आहे का, हे रंगाखाली आणि बॉल बेअरिंगच्या छर्‍यांच्या कपात (वाटीत) कळतं, आणि तिथे बघायला बहुतेक विक्रेते तयार नसतात.

आधी रंगाचंच बघू. मुंबईच्या खार्‍या हवेत फ्रेम बाहेरून कमी, आतून जास्त गंजते. सीटपिनच्या (सीट धरणाऱ्या दांड्याच्या) फटीतून पाणी शिरतं, सीटच्या नळीतून उतरतं आणि पायडलच्या अ‍ॅक्सलच्या डब्यात साचतं. म्हणून तिथली नळी आधी पातळ होते. ती लांबी (पुट्टी) भरून, घासून, वर ड्युको (फवाऱ्याचा चकचकीत रंग) मारला की आरशासारखी दिसते. साधं लोहचुंबक नळीवरून फिरवा, लांबी असेल तिथे पकड सैल पडते. पावडर कोटिंगमध्ये (रंगाची भुकटी भट्टीत भाजून चढवतात) ही लबाडी कठीण, कारण भट्टीत १८०-२०० अंशांना साधी लांबी टिकत नाही. पण पावडर कोटिंगची वेगळी कटकट असते. आटे झाकून न घेता कोटिंग केलं तर कप नीट बसत नाहीत आणि ते ठोकून बसवले जातात. सँड ब्लास्टिंग (जुना रंग काढायला वाळूचा मारा) जोरात झालं तर फ्रेमचा नंबर पुसट होतो. नंबर गेला की सायकलीची जन्मपत्रिकाच गेली.

विक्रेत्याला सीटपिन बाहेर काढून दाखवायला सांगा. निघतच नसेल तर ओव्हरऑइलिंग (सगळी सायकल उघडून साफसफाई) झालंच नाही, फक्त रंगकाम झालं. मग उजवा आणि डावा क्रँक (पायडलचा दांडा) हातात धरून आलटूनपालटून दाबा. टक असा आवाज आला तर कॉटर (क्रँक अ‍ॅक्सलवर पक्का करणारी पाचर) नीट घासून बसवलेला नाही. कॉटर मऊ पोलादाचा असतो. क्रँकला खालून टेकू न देता त्यावर हातोडा मारला तर तो वाकतो आणि छर्‍यांचे खड्डे कपात उमटतात. मग कप कितीही आवळा, चाल कधी जड तर कधी सैल. डब्यात प्रत्येक बाजूला पाव इंची ११ छर्रे असायला हवेत. गिर्‍हाईक उघडून बघत नाही, म्हणून कमी छर्रे घालून भागवणारेही आहेत.

इंग्लंडात, नॉटिंगहॅमला बनलेल्या रॅलेची एक खोड माहीत असलेली बरी. तिच्या डब्याचे आटे इंचाला २६, बाजारातल्या साध्या कपांचे २४. लुधियानाचा कप तिथे जोर लावून घुसवला की दोन्हीकडचे आटे जातात. पुढच्या खेपेला कप पॅकिंग देऊन ठोकलेला सापडतो. अशी फ्रेम भिंतीवर टांगायला ठीक, चालवायला नाही.

‘मेड इन इंग्लंड’ हा शिक्काही तपासून घ्यावा. हर्क्युलिस, फिलिप्स, बीएसए ही नावं इंग्लंडची असली तरी १९४९ साली सुरू झालेल्या मद्रासच्या टीआय सायकल्सनेही त्या नावांनी सायकली काढल्या, आणि आसनसोलच्या सेन-रॅलेने रॅले. त्या सायकली वाईट नाहीत, पण त्यांना नॉटिंगहॅमचा किंवा बर्मिंगहॅमचा भाव मागणं चूक. चेनव्हीलवर (पुढच्या दातेरी चाकावर) रॅलेचा बगळा दिसला म्हणून खूश होऊ नका. एक कॉटर काढला की उजवा क्रँक चेनव्हीलसकट सुटतो आणि दुसर्‍या फ्रेमवर चढतो. पितळी बिल्लेही नवे मिळतात. स्टर्मी-आर्चर या इंग्लिश कंपनीच्या तीन गिअरच्या हबवर (मागच्या चाकाच्या मधल्या तुंब्यावर) साल कोरलेलं असतं. तो पुरावा चांगला, पण हबपुरताच.

हा हब चालू असेल तर मात्र जास्त पैसे द्यायला हरकत नाही. तिन्ही गिअर चढावर, पायडलवर जोर देऊन बघा. दुसर्‍या-तिसर्‍याच्या मध्ये पाय रिकामा फिरला तर घाबरू नका. बहुतेक वेळा केबलचा ताण चुकलेला असतो. दुसर्‍या गिअरला हबमधून बाहेर येणाऱ्या बारीक साखळीच्या पिनचा खांदा अ‍ॅक्सलच्या टोकाशी बरोबर यायला हवा. हबमध्ये ग्रीस कोंबलेलं असेल तर खुशाल भाव पाडा, आत पातळ तेलच लागतं. डायनोहब (दिव्यासाठी वीज तयार करणारा हब) असेल तर चाक फिरवून दिवा लावून बघा. चुंबक आतल्या गुंडाळीपासून नुसता ओढून काढला असेल तर त्याची ताकद उतरते आणि दिवा कायमचा मिणमिणता राहतो.

रिमबद्दल एवढंच की, जुना मुलामा उतरवून, पॉलिश करून, तांबं आणि निकेलचा जाड थर दिल्याशिवाय क्रोम केलं तर एका पावसाळ्यात आर्‍यांच्या भोकांभोवती तांबडे ठिपके येतात. मागच्या चाकाला ४० आणि पुढच्याला ३२ आरे. ते सगळे सोडून, रिम मुलाम्याला देऊन, पुन्हा विणून आउट काढणं (चाक डगमगणार नाही असं करणं) ही खरी मेहनत आहे आणि तिचे पैसे मागणार्‍याशी मी घासाघीस करणार नाही. शिवाय काड्यांचा (तारेऐवजी लोखंडी काड्यांनी ओढला जाणारा) ब्रेक क्रोमच्या ओल्या रिमवर जेमतेम लागतो. जुलैत परळच्या पुलावरून उतरणार्‍याने हे आधीच जाणून घ्यावं.

मूळ रंग टिकून असेल, मग तो विटका का असेना, सोनेरी रेघा अर्ध्या दिसत असतील, सीट तडकलेली पण मूळची ब्रुक्स (इंग्लिश कंपनीची चामड्याची) असेल, तर अशी सायकल चकचकीत सायकलीपेक्षा महाग असायला हवी. आपल्याकडे उलट चाललंय. मूळ रंग खरवडून काढायचा आणि त्याचेच पैसे लावायचे! वरळीच्या कारखान्यातल्या ‘हिंद’ला तर कोणी विचारतही नाही. ती कंपनी सरकारने १९८० साली ताब्यात घेतली. अस्सल मुंबईची सायकल, पण नाव इंग्लिश नाही.

पाच आकडी रक्कम मोजणार्‍याने तीन गोष्टी मागाव्यात: रंग देण्याआधीचे उघड्या फ्रेमचे फोटो, फ्रेमच्या नंबरचा खडूने घासलेला ठसा, आणि काढलेले सगळे जुने भाग एका पिशवीत. कप, चाकातले कोन, कॉटर, तुटकी घंटीसुद्धा. पिशवी ‘भंगारात दिली’ असं उत्तर आलं, तर नव्या सायकलीची किंमत अधिक रंगाची मजुरी, याहून एक रुपया वर देऊ नये.

आपला,
एक वाचक, लालबाग, मुंबई